महामार्गावर कुणी खुन्नस देऊ लागलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, पुणे-सातारा-कोल्हापूर, मुंबई-गोवा या रस्त्यांवरून नेहमी जाणारे वाचक हे प्रश्न पाठवत असतात. बहुतेकांच्या मनात एकच सल असतो: चूक माझी नव्हती, मग माघार मी का घ्यायची? सल रास्त आहे. पण चूक कोणाची हे ठरवायची जागा पोलीस ठाणं आणि कोर्ट आहे. शंभरच्या वेगात तुमच्या हातात फक्त एक गोष्ट असते, ती म्हणजे त्या माणसापासूनचं अंतर. म्हणून आधी गाडी चालू असतानाचे प्रश्न, मग थांबावं लागलं तर काय, आणि तक्रार शेवटी. गाडीत शेजारी बसून घाईघाईने हे वाचत असाल, तर थेट प्रश्न ३ वर जा.

१. नुसता घाईतला माणूस आणि खरोखर धोकादायक माणूस, फरक कसा ओळखायचा?

घाईतला माणूस हॉर्न वाजवतो, अप्पर मारतो, वाट मिळाली की निघून जातो. त्याला पुढे जायचं असतं. धोकादायक माणसाला तुम्हीच हवे असता, आणि ते त्याच्या वेगावरून कळतं. तुम्ही हळू झालात की तो हळू होतो, तुम्ही लेन बदललीत की तोही बदलतो. ओव्हरटेक करून समोर येतो आणि रस्ता मोकळा असताना ब्रेक मारतो. शेजारी गाडी चालवत काच खाली करून हातवारे करतो. यातलं काही दुसऱ्यांदा घडलं, तर योगायोग समजू नका आणि प्रश्न ३ प्रमाणे वागा.

२. मी वेगमर्यादेत, १०० ने चाललोय. मागच्याला १३० ने जायचंय म्हणून तो अप्पर मारतोय. मी साइड का द्यायची?

कारण सगळ्यात उजवी लेन ओव्हरटेकसाठी आहे. तुमचा वेग कितीही कायदेशीर असला तरी त्या लेनमध्ये ठाण मांडून बसायची मुभा नाही. मागचा वेगमर्यादा मोडतोय, तर तो त्याचा गुन्हा. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा चलन काढते, ते काम तिला करू द्या.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. १०० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाला एक-दीड सेकंद लागतो. मागची गाडी दहा मीटरवर असेल, तर तुम्ही कशासाठीही जोरात ब्रेक मारलात की ती तुमच्या डिकीत येणार. मागच्या सीटवर बसलेली माणसं तुमची आहेत.

नुकसानीचा हिशेबही करून पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोली ते किवळे सुमारे ९४.५ किलोमीटरचा आहे. तो सगळाच्या सगळा १०० ऐवजी ९० ने कापलात तरी सहा-साडेसहा मिनिटंच जास्त लागतात. दोन मिनिटं डावीकडे सरकल्याने तर काहीच बिघडत नाही.

डावीकडे ट्रकची रांग असेल, तर आहे त्याच वेगाने ओव्हरटेक पूर्ण करा, इंडिकेटर द्या आणि जागा मिळताच सरका. दबावाखाली १२० वर जाऊ नका. आणि 'ब्रेक लाइट दाखवतो त्याला' म्हणून पॅडलवर पाय टेकवायची सवय असेल तर सोडा. निम्मी भांडणं तिथूनच पेटतात असं माझं ठाम मत आहे.

३. तो पाठलागच करतोय. नेमकं काय करू?

दारं लॉक, काचा वर. त्याच्याकडे बघू नका, हातवारे करू नका, ओठ हलवून काही बोलूही नका. डाव्या किंवा मधल्या लेनमध्ये एकसारख्या वेगाने चालत राहा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, म्हणजे तो समोर घुसला तरी वळायला जागा राहील. त्याला मागे टाकायला पळू नका. शर्यत लागली की घाटातलं पहिलं वळणच दोघांना महागात पडतं.

शेजारी कुणी असेल तर ११२ लावायचं काम त्याचं (काय सांगायचं ते प्रश्न ४ मध्ये). एकटे असाल तर ब्लूटूथवर किंवा आवाजी आज्ञेने फोन लावा. मोबाइल हातात धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे, आणि या प्रसंगात तर ते जास्तच घातक.

मग माणसं आणि कॅमेरे असतील अशा जागी जा: टोल नाका, फूड मॉल, गर्दीचा पेट्रोल पंप. द्रुतगती मार्गाच्या पट्ट्यात पळस्पे, बोरघाट, खंडाळा आणि वडगाव इथे महामार्ग पोलिसांची केंद्रं आहेत. टोलवर पोचलात की बूथवरच्या कर्मचाऱ्याला सांगा आणि पोलीस येईपर्यंत तिथेच कडेला, उजेडात थांबा. घराकडे वळू नका, त्याला पत्ता कळेल. कुठल्यातरी फाट्यावरून गावात शिरणंही टाळा. अनोळखी रस्ता पुढे बंद निघाला तर तुम्ही कोंडीत सापडाल.

४. फोन ११२ ला करायचा की १०३३ ला? आणि सांगायचं काय?

भांडण, धमकी, पाठलाग यांसाठी ११२. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिन्हींची मदत तिथून मिळते. १०३३ ही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे. पुणे-सातारा रस्त्यावर अपघात झाला किंवा गाडी बंद पडली तर ती उपयोगी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी मात्र राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे आहेत, तिथे ११२ हाच सोपा मार्ग. कुणी जखमी असेल तर १०८.

'खोपोलीच्या पुढे कुठेतरी' एवढ्यावर गाडी पाठवता येत नाही. असं सांगा: 'द्रुतगती मार्ग, पुण्याकडे जाणारी बाजू, किलोमीटर अमुक. मागची पांढरी गाडी, नंबर अमुक, दोनदा आडवी घातली. गाडीत आम्ही चौघं, एक लहान मूल. आम्ही पुढच्या टोलवर थांबतोय.' किलोमीटरचा आकडा कडेच्या पाटीवर असतो. नेहमीच्या प्रवासातही या पाट्या वाचायची सवय लावून घ्या, हे मुलांना सांगितलं तर ती आनंदाने करतात.

५. त्याने गाडी आडवी घातली आणि उतरून माझ्याकडे येतोय. आता?

खाली उतरू नका. तुम्ही उतरलात की बोलाचाली हातघाईवर येते, आणि चालत्या लेनमध्ये उभं राहणं त्याहून जीवघेणं आहे. मागून येणाऱ्या कंटेनरला तुमचं भांडण दिसत नसतं.

इंजिन चालू, पार्किंग लाइट चालू, काचा बंद. जाण्याएवढी जागा असेल तर हळू, त्याला आणि त्याच्या माणसांना धक्का न लावता निघून जा. ती जागा राहावी म्हणून थांबतानाच पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवायचं असतं. महामार्गावर गाडी मागे घेऊ नका.

जागा नसेल तर ११२ स्पीकरवर ठेवा आणि सलग हॉर्न वाजवत राहा. काचेवर मारू लागला तरी दार उघडू नका. काच नवी बसवता येते. गाडी त्याच्या अंगावर घालायचा विचार मनात आला तर तो तिथेच दाबा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण तो धोक्याच्या प्रमाणात वापरायचा असतो आणि हल्ला थांबला की संपतो. शिव्या देणाऱ्याच्या अंगावर गाडी घातलीत तर फिर्यादी तो होतो आणि आरोपी तुम्ही.

६. समृद्धीवर कित्येक किलोमीटर काहीच नसतं. तिथे कुठे थांबू?

पुढच्या इंटरचेंजवर उतरा. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर टोल बाहेर पडताना घेतला जातो, म्हणजे प्रत्येक इंटरचेंजच्या तोंडाशी बूथ, माणसं आणि कॅमेरे असतात. मधेच निर्मनुष्य ठिकाणी कडेला थांबू नका. कारची मर्यादा तिथे १२० आहे आणि त्या वेगात सेकंदाला ३३ मीटर जातात, त्यामुळे पाठलाग टाळायला वेग वाढवणं तिथे सगळ्यात वाईट. बाकी सगळं प्रश्न ३ प्रमाणेच.

७. मी एकटी गाडी चालवते. माझ्यासाठी वेगळं काही?

वर सांगितलेलं सगळं तसंच. शिवाय निघतानाच घरच्या कुणालातरी लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा. शेजारून जाणारा 'ताई, टायर बसलाय', 'धूर येतोय' अशा खुणा करत असेल तर लगेच थांबू नका. टायर खरोखर बसला असेल तर स्टिअरिंग ओढतं, आवाज येतो, तुम्हाला कळतंच. तरीही हळूहळू पंपापर्यंत जा आणि तिथे बघा. रिम खराब झाली तर झाली.

अश्लील बोलणं किंवा हावभाव यांना संहितेचं कलम ७९ लागतं, विनयभंगाच्या हेतूने अंगाला हात लावला तर कलम ७४. अशा गुन्ह्यांत तुमची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यायची असते. ती हजर नसेल तर बोलावून घ्या, असं स्पष्ट सांगा. संकोच करू नका.

८. 'तुमची गाडी आमच्या गाडीला लागली' म्हणून थांबायला सांगतात. खरंच लागली असेल आणि मी निघून गेलो तर ते पळून जाणं होणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून नीट वाचा. धक्का लागल्याचं तुम्हाला जाणवलं असेल, किंवा कुणी जखमी असायची शक्यता असेल, तर जबाबदारी तुमची आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं. पण त्याच कलमात जमावाच्या संतापाचा उल्लेख आहे. जमाव अंगावर येतोय म्हणून तिथे थांबणं शक्य नसेल, तर जखमीला स्वतः नेण्याच्या बंधनातून सूट मिळते. पोलिसांना कळवण्याचं बंधन मात्र राहतंच: शक्य तितक्या लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत.

तेव्हा जागेवरून निघताना ११२ आणि १०८ ला फोन करा, काय झालं आणि मी कुठे जातोय ते सांगा, आणि थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा. तिथून पुढचं बोलणं.

काहीही जाणवलं नसताना चार जण हात करून थांबवत असतील, तर ती पैसे उकळायची नेहमीची युक्ती असू शकते. मान डोलवा, पुढे टोल नाक्याकडे बोट दाखवा आणि तिथे थांबा. ज्याची गाडी खरंच लागली आहे तो टोलपर्यंत येईल. उकळणारे कॅमेऱ्याखाली यायला कां कूं करतात.

९. चूक माझीच होती, मी चुकून कट मारला. सांगायचं कसं?

हात वर करून एकदा दिलगिरी दाखवा आणि पुढे चला. समजावून सांगायला थांबू नका. त्या क्षणी तो ऐकायच्या मनःस्थितीत नसतो.

१०. आमचे हे स्वतःच खुन्नस देतात. मी काही बोलले की आणखी चिडतात. काय करू?

हा प्रश्न खूप जणी पाठवतात, आणि याला उत्तर देताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण गाडीत बहुतेक वेळा मुलंही असतात.

त्या क्षणी 'तुम्ही नेहमीच असं करता' म्हणून उपयोग होत नाही. चिडलेल्या माणसाला वाद घालायला आणखी एक माणूस मिळतो. त्याऐवजी शरीराची काहीतरी गरज सांगा: 'अहो, मला मळमळतंय, पुढच्या फूड मॉलला घ्या.' खोटं वाटत असेल तर वाटू दे. गाडी थांबली, चहा झाला, पंधरा मिनिटं गेली की समोरचा बराच पुढे निघून गेलेला असतो. गाडीत सासूबाई किंवा सासरे असतील तर हेच त्यांच्या तोंडून आलेलं जास्त चालतं.

खरं बोलणं घरी, दुसऱ्या दिवशी, मुलं समोर नसताना करा. 'मला भीती वाटली' एवढंच सांगा, कोण चूक ते काढू नका. निघायला अर्धा तास उशीर झाला की ते चिडतात, की भूक लागल्यावर, हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा आधी कळेल. ते कारण काढून टाका. आणि तरीही वारंवार तेच होत असेल तर 'मुलांना घेऊन मी एसटीने येते' असं सांगायला आणि करायला कचरू नका.

११. मी ट्रक चालवतो. कारवाले समोर घुसतात, ब्रेक मारतात, वर मलाच मारायला उतरतात. आमच्यासाठी काही?

भरलेल्या ट्रकला थांबायला कारपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं हे कारवाल्यांना माहीत नसतं. बोरघाट किंवा खंबाटकी उतरताना तुम्ही लहान गिअरमध्ये असता, आणि त्यांना तो मुद्दाम केलेला उशीर वाटतो. तुम्ही डावी लेन सोडू नका, तो तुमचा भक्कम बचाव आहे. केबिनमधून उतरू नका, दार आतून लावा, मालकाला आणि ११२ ला फोन करा. क्लीनर बरोबर असेल तर चित्रण त्याने करावं. परगावच्या ड्रायव्हरवर जमाव आधी हात टाकतो, हे दुर्दैवाने खरं आहे, म्हणून धक्का लागला असेल तर प्रश्न ८ मधला नियम तुम्हीही पाठ ठेवा.

१२. सुरक्षेसाठी गाडीत रॉड किंवा हॉकी स्टिक ठेवावी का?

नको. हाताशी असलं की वापरलं जातं. हत्याराने दुखापत केल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ लागतं आणि साध्या मारहाणीपेक्षा शिक्षा वाढते. शिवाय पोलीस वेळोवेळी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्र आणि लाठ्याकाठ्या बाळगायला बंदी घालतात. तसा आदेश चालू असेल तर नुसती बाळगल्याचाही त्रास.

१३. अशा माणसावर गुन्हा कोणता दाखल होतो?

'रोड रेज' नावाचा वेगळा गुन्हा आपल्याकडे नाही. जे घडलं त्यानुसार भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात. बेदरकार गाडी चालवणं म्हणजे २८१, आणि बरोबरीने मोटार वाहन कायद्याचं १८४. गाडी आडवी घालून वाट अडवली तर १२६. मारहाण ११५, धमकी ३५१, चिथावणीखोर शिवीगाळ ३५२, गाडीची नासधूस ३२४.

साधी मारहाण आणि शिवीगाळ अदखलपात्र आहेत, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून ठाण्यात अनेकदा नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन बोळवण होते. २८१ आणि १२६ दखलपात्र आहेत. त्यामुळे सांगताना 'शिव्या दिल्या' इथून सुरुवात करू नका. 'गाडी आडवी घालून आमचा रस्ता अडवला, जीव धोक्यात घातला' हे आधी सांगा, कारण मुळात घडलेलंही तेच असतं.

हे किती दूर जाऊ शकतं त्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. पटियाळात १९८८ मध्ये रस्त्यावरच्या भांडणात एका ६५ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात नवज्योतसिंग सिद्धू यांना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली. मधे ३३ वर्षं गेली होती.

१४. प्रसंग खोपोलीजवळ घडला, मी राहतो नाशिकला. परत तिकडे जावं लागेल का?

फिर्याद द्यायला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ते ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून योग्य ठिकाणी पाठवतं. ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदवायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. नंतर जबाबासाठी किंवा कोर्टात मात्र जावं लागू शकतं.

१५. डॅशकॅमचं चित्रण पुरावा म्हणून चालतं का? आधी व्हायरल करू का?

चालतं, आणि खूप उपयोगी पडतं. घरी पोचताच मेमरी कार्ड काढून ठेवा, नाहीतर कॅमेरा जुन्यावर नवं चित्रण करत जातो. कापाकापी करू नका. भांडणाच्या आधीची काही मिनिटंही राहू द्या, सुरुवात कोणी केली ते तिथेच दिसतं. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ कार्ड जपून ठेवा.

व्हायरल करू नका, निदान फिर्याद नोंदेपर्यंत तरी. नंबर एक आकड्याने चुकला तर भलत्याच कुटुंबाला त्रास होतो. समोरच्यालाही कळतं की तुमच्याकडे काय आहे.

१६. समोरच्या गाडीवर पक्षाचा झेंडा होता, काचेत 'पोलीस' पाटी. तक्रार करून उपयोग आहे का?

आहे. पाटीवर कायदा बदलत नाही. जबाबात झेंडा आणि पाटी दोन्ही लिहून घ्यायला सांगा. साध्या कपड्यातला कुणी 'मी पोलीस आहे, खाली उतर' म्हणाला तर काच बंद ठेवूनच ११२ ला विचारा आणि टोल नाक्यावर ओळखपत्र बघायची तयारी दाखवा.

१७. त्याने गाडी फोडली. विमा मिळेल का?

पॅकेज पॉलिसी असेल तर कुणी आकसाने केलेलं नुकसान तिच्यात येतं. नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही. दुरुस्तीच्या आधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, पोलीस नोंदीची प्रत सोबत ठेवा.

१८. ठाण्यात दोघांना बोलावून 'मिटवून टाका' म्हणतात. मिटवावं का?

निर्णय सर्वस्वी तुमचा, आणि तो त्याच दिवशी द्यायचं बंधन नाही. साधी मारहाण आणि वाट अडवणं यांत तडजोड कायद्याने होते. बेदरकार गाडी चालवण्याचं कलम २८१ मात्र आपसात मिटवता येण्याजोगं नाही. भरपाई घेणार असाल तर ती लेखी, दोघांच्या सह्यांनिशी घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. कुणाला मार लागला असेल, तर आधी सरकारी रुग्णालयातून वैद्यकीय तपासणी करून घ्या, दुखापत किती आहे ते कळू द्या आणि मगच तडजोडीच्या टेबलावर बसा.